फक्कीनं आखलेलं घर

आखितीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर नव्या घराची आखणी करायची, हे तिघा भावांतल्या थोरल्या दौलतरावांनी ठरवलं, भटजींनी मान डोलावली, पाव्हण्यारावळ्यांना आमंत्रणं गेली, आणि धाकट्या यशवंतरावांना ते सगळ्यांत शेवटी कळलं. घराच्या बांधकामाचा कारभार यशवंतरावांकडं असल्यामुळं हे रीतीला धरूनच झालं. कारखान्याच्या साइटवरही त्यांना सगळं शेवटीच कळायचं.

पुण्यातल्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ते साइट इनचार्ज होते. चिंचवड स्टेशनच्या पलीकडं इंजिनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीचा कारखाना उभा राहत होता, ते काम त्यांच्या अंगावर होतं. नकाशे साहेब काढायचे, भिंती कंत्राटदार उभ्या करायचा, आणि कंपनीचे शेठ अधूनमधून मुंबईहून मोटारीनं येऊन ओरडून जायचे. या तिन्हींपैकी काहीच यशवंतरावांना करावं लागत नसे. शेठ जे ओरडले ते निम्म्या आवाजात कंत्राटदाराला सांगायचं, कंत्राटदार जे पुटपुटला त्यातल्या शिव्या गाळून ते साहेबांना सांगायचं, आणि साहेब जे बोलले ते स्वतःजवळच ठेवायचं, एवढंच त्यांचं काम. कोणी काही मागितलं की ते 'पाहू या' म्हणत. मागणारा समाधानानं परत जाई. एवढ्या भांडवलावर कारखान्याच्या चारी भिंती उभ्या राहिल्या होत्या आणि आता करवतीच्या दात्यांसारखं छप्परही चढत होतं. ज्यानं कंपनी सांभाळली त्याला घरची चार माणसं काय जड जाणार, असं यशवंतरावांना मनापासून वाटत होतं.

गावात त्यांच्या हुद्द्याचा उलगडा कोणालाच झाला नव्हता. त्यांची आत्या मंजुळाबाई तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आलेली. यशवंतरावांचे वडील आबा गेल्यावर घरात वयानं तीच सगळ्यांत वडील. तिनं एकदा यशवंतरावांना समोर बसवून नीट विचारून घेतलं. नकाशा तू काढतोस का, तर नाही. भिंत तू बांधतोस का, तर नाही. पैका तुझा का, तर तोही नाही. मग दिवसभर तिथं करतोस काय, यावर यशवंतरावांनी सांगितलं की काम तडीला जावं म्हणून आपण सगळ्यांशी बोलतो. आत्यानं जरा विचार केला.

"म्हंजी लगीन जुळवनारा," ती म्हणाली.

घरचं नदीकाठचं वावर कारखान्यांसाठी सरकारात गेलं होतं. त्याची भरपाई आली तेव्हा ती तिघा भावांत वाटावी, असं मधल्या हिंदुरावांच्या मनात होतं. पण तोंडानं कोण बोलणार. आबांनी डोळे मिटताना तिघांचे हात एकमेकांवर ठेवून चूल एक ठेवा म्हणून सांगितलं होतं, आणि दौलतराव ती आठवण भेटेल त्याला सांगत. आकुर्डीत मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेला आपल्या मळ्यात स्लॅबचं, माडीचं घर बांधायचं, गावातलं पहिलं, आणि त्यात तिघा भावांनी एकत्र राहायचं, हा बेत त्यांचाच. त्यांना सरपंच व्हायचं होतं. ज्याला स्वतःचे भाऊ एका छपराखाली ठेवता येतात त्याला गावही ठेवता येईल, असं ते चावडीवर बोलून दाखवत. हिंदुराव संयुक्त महाराष्ट्राच्या सभांतून भाषणं करत होते. इलेक्शनला समितीची सरशी झाल्यापासून त्यांचा आवाज घरातही खाली येत नव्हता. तेव्हा एकत्र राहायला त्यांचाही विरोध असण्याचं कारण नव्हतं. असता तरी तो त्यांच्या भाषणाशी जुळला नसता.

असं सगळं एकमतानं ठरल्यावर घरातलं एकेक माणूस यशवंतरावांना एकटं गाठू लागलं.

पहिले दौलतराव आले. त्यांना रस्त्याच्या बाजूला मोठी बैठक हवी होती, आणि तिच्यापुढं पडवी, म्हणजे लोकांना भेटीसाठी थांबता येईल. लोक थांबल्याशिवाय माणूस मोठा होत नाही, असं त्यांचं मत. मग हिंदुराव आले. त्यांना कार्यकर्त्यांच्या ये-जेसाठी बाजूनं वेगळं दार हवं होतं. बैठकीतून जायचं म्हणजे दादांच्या नजरेखालून जावं लागणार. दोघांनीही जाताना सांगितलं की हे आपल्या दोघांतच ठेव. यशवंतरावांनी दोघांनाही पाहू या म्हटलं.

मग थोरल्या वहिनी, कौशल्याबाई. त्या गोठ्यामागं बोलवून घेऊन बोलल्या. या घरात लग्न होऊन आल्यापासून त्या सगळ्यांच्या आधी उठत होत्या. गडीमाणसांच्या भाकरी, मुलांची न्याहारी, आणि अलीकडं हिंदुरावांचे कार्यकर्ते वेळी-अवेळी यायचे, त्यांचा चहा. रुक्मिणीबाई हाताखाली होत्या, पण हाताखालचं माणूस म्हणजे आणखी एक माणूस ज्याला सांगावं लागतं. कौशल्याबाईंना कोणाशी भांडायचं नव्हतं. त्यांना फक्त एक अशी चूल हवी होती जिच्यावर आपल्या पोटच्यांपुरतं शिजेल आणि मग ती विझवून बसता येईल.

"पर माजं नाव काडू नका, भावजी," त्या म्हणाल्या. "मधल्या दिरानं ऐकलं तर म्हनंल, वैनीनं घर फोडलं."

आठवड्याभरानं मधल्या वहिनी रुक्मिणीबाईंनी त्यांना विहिरीपाशी गाठलं. त्यांचं दुखणं याच्या अगदी उलट होतं आणि औषध मात्र तेच. रोज सकाळी थोरल्या जावेपुढं उभं राहून 'आज काय करू' विचारायचं, आणि ती सांगेल ते करायचं. मुलं मोठी झाली, पण आज कोणती भाजी हे या बाईनं एकदाही स्वतः ठरवलं नव्हतं. माहेरी त्या उंबराच्या दोड्यांची भाजी करत. इथं ती कोणी खात नाही म्हणून त्यांनीही कधी खाल्ली नाही. नव्या घरात एक लहानशी चूल मिळाली तर बरं होईल, असं त्या खाली बघत म्हणाल्या. नाव मात्र त्यांचंही काढायचं नव्हतं.

यशवंतरावांना यात काही अवघड वाटलं नाही. अशी कोडी ते रोज सोडवत. त्यांनी साहेबांना सांगून नकाशात दोन खोल्या पाठीला पाठ लावून बसवल्या. एकीवर स्वयंपाकघर लिहिलं, दुसरीवर कोठीघर. कोठीघराला धुराडं काढलं आणि त्याबद्दल काही लिहिलं नाही. घरात नकाशा वाचता येणारं त्यांच्याखेरीज कोणी नव्हतं. भिंती उभ्या राहिल्या, स्लॅब पडला की मग जे आहे ते आहे. माणसं भिंतींशी भांडत नाहीत. कारखान्यात शेठच्या केबिनला खिडकी त्यांनी अशीच काढली होती.

*

आखितीला सकाळपासूनच ऊन चढलं होतं. मळ्यात मांडव घातला होता, वांग्यांच्या वाफ्यापलीकडं मोकळी जमीन सारवल्यासारखी झाडून ठेवली होती, आणि ईशान्येच्या कोपऱ्यात भटजींनी कलश मांडला होता. पूजेला दौलतराव आणि कौशल्याबाई बसले. पूजा उरकल्यावर कोंडाजी मिस्त्रीनं खुंट्या ठोकल्या, दोऱ्या ताणल्या आणि चुन्याची फक्की मुठीतून सोडत दोरीखालून चालायला सुरुवात केली. पांढऱ्या रेघांतून घर दिसू लागलं. ही बैठक, ही पडवी, ही मधली खोली. पाव्हणे कडेनं उभे राहून बघत होते आणि घर लहान दिसतंय असं एकमेकांच्या कानात सांगत होते. जमिनीवर आखलेलं घर नेहमी लहानच दिसतं, हे यशवंतराव ज्याला त्याला समजावत फिरत होते.

दौलतरावांना घर लहान दिसलं नाही. त्यांनी मांडवातली एक खुर्ची बैठकीच्या रेघांत आणून ठेवली आणि रस्त्याकडं तोंड करून बसले. पुढच्या पडवीत कोणीतरी थांबलेलं असावं म्हणून त्यांनी दोन पाव्हण्यांना तिथं उभं केलं. मग त्यांना हाक मारून आत बोलावलं. पाव्हणे रेघ ओलांडून आले तेव्हा दौलतरावांनी दार डावीकडं आहे, असं सांगून त्यांना परत पाठवलं. आपण बसलो आहोत, बाहेर माणसं खोळंबली आहेत, आणि घरातून जेवणाचा वास येतो आहे. आबा असते तर त्यांनी काय म्हटलं असतं, याचा ते विचार करत होते. आबांनी त्यांना आयुष्यात कधी शाबासकी दिली नव्हती.

हिंदुराव आपल्या वेगळ्या दारातून दोनतीनदा आतबाहेर करून आले. दार दादांच्या खुर्चीतून दिसत नाही, याची त्यांनी खात्री करून घेतली. मग पाव्हण्यांपुढं त्यांनी एक लहानसं भाषण केलं. द्वैभाषिकाच्या नावाखाली एका भाषेच्या लोकांत भिंती घालणाऱ्यांना आपलं घर हे उत्तर आहे, असं ते म्हणाले. पाव्हण्यांनी माना हलवल्या. भुकेची वेळ झाली होती.

बायका मागच्या बाजूनं आल्या. कौशल्याबाई स्वयंपाकघरात शिरल्या, ओटा कुठं येईल ते डोळ्यांनी मोजलं आणि हळूच शेजारच्या कोठीघराकडं नजर टाकली. त्यात रुक्मिणीबाई उभ्या होत्या. कौशल्याबाईंना वाटलं, कोठीत कशाला उभी आहे ही. रुक्मिणीबाईंना वाटलं, आपल्या चुलीच्या जागेकडं ही का बघते. दोघी एकमेकींकडं बघून हसल्या. यशवंतरावांनी दोघींना वेगवेगळं सांगून ठेवलं होतं की कोठी म्हणजेच तुमची खोली, आणि दोघीही त्याच खोलीवर डोळा ठेवून होत्या, हे त्या दोघींपैकी एकीलाही माहीत नव्हतं. उरलेलं मोठं स्वयंपाकघर दुसरीला जाईल, असा यशवंतरावांचा हिशेब. तो त्यांनी वेळ आल्यावर सांगायचं ठेवलं होतं.

यशवंतरावांची बायको शालनबाई लांब मांडवाच्या सावलीत उभी होती. ती पुण्याची, कसब्यात वाढलेली. यशवंतरावांबरोबर तिथंच दोन खोल्यांत राहून स्टोव्हवर स्वयंपाक करायची. सासरी आली की तिच्या पोळ्यांना पापड म्हणत. ती आज रेघांत आलीच नाही. तिच्या मनातलं जमिनीवर नव्हतं.

घोटाळा आत्यानं केला. मंजुळाबाई काठी टेकत सगळं घर हिंडली. भिंतीतून जाणाऱ्या मुलांना दारातून जायला लावलं, आपली खोली पाहिली, आणि कोठीघरात येऊन थांबली. कोपऱ्यात फक्कीचा एक लहान चौकोन होता. हा काय, असं तिनं कोंडाजीला विचारलं. कोंडाजीनं नकाशात बघितलं आणि ते धुराडं असल्याचं सांगितलं.

"कोठीत धुराडं?" आत्या म्हणाली. "दानं काय इडी वडत्यात?"

जवळचे दोन पाव्हणे हसले. हसण्याचा आवाज बैठकीपर्यंत गेला आणि दौलतराव खुर्चीवरून उठून आले. त्यांनी चौकोन पाहिला. धुराडं म्हणजे चूल, हे समजायला नकाशा वाचता यावा लागत नाही. त्यांनी आधी कोंडाजीकडं बघितलं, मग हिंदुरावांकडं, आणि तिथंच बघत राहिले. वेगळ्या दाराची रेघही त्यांना आता पहिल्यांदाच दिसली.

दार वेगळं, चूल वेगळी. दौलतरावांच्या डोक्यात सगळं आपोआप जुळलं. पाव्हण्यांसमोर, गावासमोर, ज्या घराच्या जिवावर सरपंच व्हायचं त्या घराच्या पोटातच मधल्यानं दुसरं घर काढून ठेवलं होतं. ते हिंदुरावांना बोलू लागले. सभेत संयुक्त आणि घरात विभक्त, असं ते म्हणाले, आणि ते त्यांना इतकं चांगलं सुचलं की त्यांनी ते दोनदा म्हटलं. हिंदुरावांनाही गप्प बसणं ठाऊक नव्हतं. त्यांना वाटलं, आपल्या नावावर ढकलून दादांनीच ही चूल काढली. बैठक स्वतःला घेतली, पडवी घेतली, आता मोठं स्वयंपाकघर घेऊन आपल्याला कोठीत कोंबायचा डाव आहे. त्यांनी मागचं सगळं काढलं. पाटाचं पाणी, बैलजोडी, आबांच्या दिवसाला कोणी किती नारळ आणले. भाऊ भांडताना नारळांपर्यंत आले की मग ते लवकर थांबत नाहीत.

ज्यांच्यामुळं हे चाललं होतं त्या दोघी बायका शेजारीशेजारी उभ्या होत्या आणि जमिनीकडं बघत होत्या.

शेवटी दौलतराव यशवंतरावांकडं वळले.

"तू सांग, यशवंता. ही चूल कुनी मागितली?"

यशवंतरावांनी दोघींना शब्द दिला होता. साइटवर अशी वेळ आली की ते जे करत तेच त्यांनी केलं. ते म्हणाले की नकाशा साहेबांनी काढला आहे, त्यांनी काही विचार करूनच काढला असेल. जो समोर नाही त्याच्यावर ढकलावं, हा त्यांच्या धंद्यातला पहिला धडा होता. दुसरा धडा असा की तो माणूस त्याच वेळी यायला नको.

साहेबांची मोटार धुरळा उडवत मळ्यात शिरली.

*

साहेब सज्जन गृहस्थ होते. डोक्यावर सोला हॅट, हातात वेताची छडी. आपल्या इनचार्जच्या घरचं काम म्हणून एक पैसाही न घेता त्यांनी नकाशा काढून दिला होता, आणि आज वाट वाकडी करून नजर टाकायला आले होते. त्यांना सरबत दिलं. दौलतरावांनी आवाज शक्य तेवढा मऊ करून विचारलं की साहेबांनी आमच्या घरात दोन चुली कशासाठी काढल्या.

साहेबांना खरोखरच नवल वाटलं.

"मी? मी तर यशवंतरावांना म्हटलं होतं, एका कुटुंबाला तीन स्वयंपाकघरं कशाला," ते म्हणाले.

तीन, असं कोणीतरी हळूच म्हणालं. दौलतरावांनी जमिनीवरच्या रेघा पुन्हा पाहिल्या. एक, दोन. तिसरं कुठं आहे, असं त्यांनी विचारलं. साहेबांनी छडीनं आभाळाकडं दाखवलं. सगळ्यांनी वर बघितलं. वर एक घार फिरत होती.

"माडीवर," साहेब म्हणाले. "ते यशवंतरावांचं स्वतःचं. उभ्यानं स्वयंपाक करायचा ओटा आहे, फार सोयीचा. यशवंतराव, तुम्ही घरी दाखवला नाहीत वाटतं."

घर जमिनीवर आखतात तेव्हा माडी आखत नाहीत. यशवंतरावांचा सगळा भरवसा त्यावरच होता.

हिंदुराव आणि दौलतराव यांच्यात आबा गेल्यापासून जे झालं नव्हतं ते पुढच्या क्षणात झालं. ते एकमेकांशेजारी येऊन उभे राहिले. धाकट्यानं, शिकलेल्यानं, ज्याला दोघांनी नांगर धरून पुण्याला शिकायला ठेवलं त्यानं घर फोडलं. स्वतःची चूल माडीवर लपवली आणि खाली दुसरी काढून दोघा भावांना झुंजवत ठेवलं. हिंदुराव म्हणाले की भेदनीती ती हीच. दौलतरावांनी आबांची आठवण काढली, हिंदुरावांचा हात हातात घेतला, आणि दोघांचेही डोळे भरून आले. गुन्हेगार सापडला की भावाभावांत प्रेम किती लवकर उत्पन्न होतं, हे पाव्हण्यांनी डोळ्यांनी पाहिलं.

यशवंतराव मध्ये उभे होते. त्यांच्याकडं एकच वाक्य होतं, आणि ते बोललं असतं तर ते सुटले असते. त्यांनी थोरल्या वहिनींकडं पाहिलं, मधल्या वहिनींकडं पाहिलं. दोघी फक्कीकडं बघत होत्या. मांडवातून शालनबाई त्यांच्याकडं बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते त्यांना इतक्या लांबून कळलं नाही.

"हो," ते म्हणाले. "तिन्ही मीच सांगितली. दुसऱ्या कोणाचा त्यात संबंध नाही."

हे म्हटल्यावर त्यांना भीती वाटायला हवी होती. उलट बरंच बरं वाटलं. सगळ्यांचं ओझं आपण एकट्यानं उचललं, आणि ते कोणाला कधी कळणारही नाही, या विचारानं त्यांनी मान किंचित ताठ केली. त्यांना हे मोठेपण फार वेळ भोगायला मिळालं नाही.

हे काम तुझ्याकडं राहिलं नाही, असं दौलतरावांनी त्यांना सांगितलं, आणि कोंडाजीला हुकूम सोडला की ते धुराडं पुसून टाक. कोंडाजी घुटमळला. नकाशावर साहेबांची सही होती आणि साहेब सरबत पीत होते. तेव्हा दौलतराव स्वतःच पायातली वहाण पुढं करून कोठीघरात शिरले.

रुक्मिणीबाई पुढं आल्या आणि त्या चौकोनावर उभ्या राहिल्या. थोरल्या दिरासमोर त्या कधी डोक्यावरचा पदर सोडून बोलल्या नव्हत्या. पदर आताही होता.

"पुसू नका," त्या म्हणाल्या. "ही मी मागितलीया."

हिंदुरावांना आपल्या बायकोचा आवाज पाव्हण्यांत ऐकायची सवय नव्हती. त्यांनी तिला मागं हो म्हणून खुणावलं. ती झाली नाही. दौलतरावांनी कपाळाला हात लावला आणि आपल्या बायकोकडं पाहिलं, साक्षीला कोणी तरी असावं म्हणून. एवढी वर्षं एका चुलीवर सगळ्यांना जेवू घालणारी बाई, तीच आता जावेला चार शब्द सुनावेल, असं त्यांना वाटलं.

कौशल्याबाईंना रुक्मिणीबाईंचा राग आला होता. या पोरीनं आपल्या आधी तोंड उघडलं. आता गप्प राहिलं तर नाव निघणार नाही आणि चूलही मिळणार नाही. त्या दोन्ही तोलून बघत होत्या. मग त्यांच्या डोळ्यांपुढं उद्याची पहाट आली.

"मी बी मागितली," त्या म्हणाल्या. "भावजींवर घालू नका. त्येनी फकस्त हो म्हटलं."

"मी पाहू या म्हटलं होतं," यशवंतराव म्हणाले. पण ते कोणी ऐकलं नाही, कारण तेवढ्यात शालनबाई मांडवातून चालत आली होती. तिला उभं राहायला जमिनीवर खोली नव्हती. ती पडवीत थांबली आणि पुण्याच्या स्वच्छ आवाजात म्हणाली, "आणि वरची माझी. यांना स्वयंपाकातलं काय कळतं."

दौलतराव आबांबद्दल काही बोलणार होते. आत्यानं त्यांना बोलू दिलं नाही. काठीवर हनुवटी टेकवून ती म्हणाली की तुझ्या बापानं मरताना सांगितलं ते खरं. पण तो स्वतः थोरल्या भावापासून चूल वेगळी करूनच या मळ्यात आला होता, आणि ती चूल तुझ्या आईनं मागितली होती. मी तिथंच भाकरी थापत होते.

दौलतराव बैठकीत परत गेले आणि खुर्चीवर बसले. रस्त्याकडं तोंड करून नव्हे, नुसतेच. बापाची एकच गोष्ट त्यांना पाठ होती, आणि ती त्यांनी गावभर सांगितली होती. आता ती परत घेता येणार नव्हती, आणि पुढं सांगताही येणार नव्हती. हिंदुराव त्यांच्याशेजारी जमिनीवर टेकले. नारळांचा विषय निघाला नाही.

या सगळ्यात भटजी कलश हातात धरून उभे होते. जेवायची वेळ टळून गेली होती आणि त्यांना पुढं रावेतला आणखी एक पूजा होती. हा कलश देवघराच्या जागी नेऊन ठेवायचा असतो, तेव्हा देवघर कुठं येतं एवढं सांगा, असं ते म्हणाले.

कोंडाजीनं नकाशा उलगडला. खालून वर बघितला, मग वरून खाली. साहेबांनी त्याच्या खांद्यावरून डोकावलं. बैठक होती, पडवी होती, वेगळं दार होतं, तीन स्वयंपाकघरं होती, आत्याची खोली होती. देवघर नव्हतं. ते कोणी मागितलंच नव्हतं. प्रत्येकानं आपल्याला हवं ते सांगितलं आणि देवाचं दुसरा कोणी सांगेल असं धरलं.

मग सगळेच एकदम उदार झाले. हिंदुरावांनी सुचवलं की बैठक मोठी आहे, तिच्यातून कोपरा काढावा. दौलतरावांचं म्हणणं पडलं की वेगळ्या दाराचा बोळ देवाला अगदी बेताचा होईल. कौशल्याबाईंनी कोठीघराचं नाव घेतलं, रुक्मिणीबाईंनी मोठ्या स्वयंपाकघराचं. माडीवर देव ठेवू नयेत, कारण म्हाताऱ्या माणसांना चढवत नाही, असं शालनबाईनं लगेच सांगून टाकलं. साहेबांनी घड्याळ बघितलं, ते यशवंतराव ठरवतील असं म्हणाले, आणि मोटारीत जाऊन बसले.

सगळे यशवंतरावांकडं बघू लागले. काम त्यांच्याकडं राहिलं नाही, हे दौलतराव विसरले होते.

यशवंतराव मात्र विसरले नव्हते. त्यांनी आजवर कोणत्याही नकाशावर स्वतः एक रेघ ओढली नव्हती. दुसऱ्यांच्या रेघा एकमेकांना भिडू नयेत म्हणून ते मध्ये उभे राहायचे, आणि आज सकाळपासून उन्हात उभं राहून त्यांचे पाय दुखत होते. त्यांनी कोंडाजीच्या घमेल्यातून मूठभर फक्की घेतली, ईशान्येच्या कोपऱ्यात गेले आणि वाकून चालायला लागले. रेघ सरळ आली नाही. ती बैठकीतून गेली, बैठकीचा चांगला चौथा हिस्सा तोडून भिंतीला मिळाली. दौलतरावांची खुर्ची रेघेवर येत होती. यशवंतराव तिच्यापाशी थांबले आणि दौलतराव उठेपर्यंत तसेच वाकून राहिले.

दौलतराव उठले.

"मला इचारलं न्हाईस," ते म्हणाले.

"नाही," यशवंतराव म्हणाले, आणि राहिलेली रेघ पुरी केली.

भटजींनी कलश ठेवला आणि हात जोडून जेवणाची आठवण करून दिली. पंगती बसल्या. दौलतराव आणि हिंदुराव शेजारी बसले, यशवंतराव समोर. आंब्याचा रस संपला, पोळ्या संपल्या, आणि रागावलेली माणसं इतकी जेवली की भात दुसऱ्यांदा लावावा लागला. तो लावायला तिघी जावा मांडवामागच्या एकाच चुलीपुढं, धुरात डोळे चोळत बसल्या होत्या. रुक्मिणीबाई फुंकर घालत होत्या आणि कौशल्याबाई शालनबाईला, उभ्यानं स्वयंपाक करायचा तो ओटा नेमका किती उंच असतो, हे खोदून खोदून विचारत होत्या.